दहा वर्षे ठेवायची गाडी: नवी लहान घ्यावी की वापरलेली मोठी?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. चौदा वर्षे वापरलेली आमची गाडी आता काढून टाकायची वेळ आली आहे. शेवटच्या दोन वर्षांत तिने तीनदा रस्त्यातच मान टाकली, त्यातल्या एकदा तर रात्री उशिरा, वयस्कर वडील आणि दोन मुले गाडीत असताना. त्यामुळे वेग, सनरूफ, पडद्याचा आकार या गोष्टी माझ्या यादीत अगदी तळाला आहेत. गाडी सकाळी सुरू व्हावी आणि निघालेल्या माणसांना तिने पोहोचवावे, एवढीच अपेक्षा आहे. घरात पाच माणसे, रोजचे जाणे-येणे मिळून चाळीस किलोमीटर, त्यातले बरेचसे दाट रहदारीतले, आणि महिन्यातून एखादा तीन-चारशे किलोमीटरचा प्रवास, असा आमचा वापर आहे. गाडी किमान दहा वर्षे ठेवायची आहे.

हाताशी असलेल्या रकमेत दोन पर्याय बसतात. एक म्हणजे कोरी करकरीत लहान हॅचबॅक, आणि दुसरा म्हणजे तीन-चार वर्षे वापरलेली, मुळात बरीच महाग असलेली सेडान. पाच माणसांच्या दृष्टीने मन दुसऱ्या पर्यायाकडे ओढते, पण आधीचा अनुभव कडू आहे. सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावासाठी एका विक्रेत्याकडून जुनी गाडी घेतली होती. मीटरवर ३१ हजार किलोमीटर होते, गाडी आरशासारखी चमकत होती, आणि विक्रेता शपथेवर सांगत होता की ती एकाच मालकाच्या हातची आहे. आठ महिन्यांत गिअरबॉक्स उघडावा लागला. त्या वेळी सीटखाली सर्व्हिसची एक जुनी पावती सापडली. आम्ही गाडी घेण्याच्या दीड वर्ष आधीच्या त्या पावतीवर ८४ हजार किलोमीटर लिहिलेले होते.

म्हणून विचारतो. गाडीचा भरवसा नेमका कशावरून ठरवायचा? ज्याला विचारावे तो स्वतःच्या गाडीच्या कंपनीचे नाव सांगतो. दुसरे असे की पत्नीच्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे ऑटोमॅटिक घ्यावी लागणार आहे. तर त्यातला कोणता प्रकार कमी कटकटीचा? आणि वापरलेली गाडी घ्यायचीच ठरली, तर या वेळी फसवणूक कशी टाळावी?

जुनीपावती

तुमच्या भावाच्या गाडीचे जे झाले त्याला अर्थशास्त्रात जागा मिळालेली आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन असे दाखवले की गाडीतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा सरसकट मधली किंमतच देऊ करतो; त्या किमतीला चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो माघार घेतो, आणि बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे सांगण्याचे कारण विद्वत्ता मिरवणे नव्हे. ज्या गाडीचा मालक आपल्याला ठाऊक असलेले सगळे कागदांनिशी उघड करतो ती गाडी या नियमातून बाहेर पडते, आणि तुम्हाला शोधायची आहे ती नेमकी तशीच गाडी.

आता कंपनीच्या नावाविषयी. एकाच कंपनीचे एक इंजिन तीन लाख किलोमीटर विनातक्रार चालते आणि दुसरे ऐंशी हजारांतच तेल पिऊ लागते, म्हणून नावापेक्षा मॉडेल, इंजिन, गिअरबॉक्स आणि उत्पादनाचे वर्ष या चार गोष्टी एकत्र धरून चौकशी करावी. पूर्णपणे नव्या रचनेची गाडी तिच्या पहिल्या वर्षात मी तरी घेणार नाही. कारखान्यात ज्या चुका दिसत नाहीत त्या पहिल्या गिऱ्हाइकांच्या हाती दिसतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुटे भाग गुपचूप सुधारले जातात.

चौकशीची तीन साधने मला उपयोगी वाटतात, मात्र तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था आपल्या सभासदांकडून लाखो गाड्यांची माहिती गोळा करते आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या मोठ्या बिघाडाला किरकोळ तक्रारींपेक्षा जास्त वजन देते. जे. डी. पॉवरच्या टिकाऊपणाच्या अहवालात तीन वर्षे वापरलेल्या दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजतात, पण अलीकडे त्यात सर्वाधिक तक्रारी पडद्याच्या, फोन न जोडला जाण्याच्या आणि तत्सम असतात. म्हणजे एखादी गाडी त्या यादीत खाली दिसली तरी ती रस्त्यात बंद पडतेच असे नाही. जर्मनीतल्या टीयूव्हीचा अहवाल मात्र लोकांच्या मतांवर उभा नाही, तो सक्तीच्या तपासणीत आढळलेल्या दोषांवर बेतलेला असतो, म्हणून ब्रेक, सस्पेन्शन, तेलगळती आणि गंज यांचे चित्र त्यात जास्त स्पष्ट दिसते. या तिन्हींत जे मॉडेल सातत्याने वर राहते त्याच्याविषयी फारशी शंका घेण्याचे कारण नाही. तुमच्याकडे विकले जाणारे मॉडेल त्याच इंजिनाचे आहे ना, एवढे मात्र ताडून पाहा, कारण एकाच नावाखाली देशोदेशी वेगळी यंत्रे बसवलेली असतात.

जाता जाता एक गोष्ट. एडीएसी ही जर्मन वाहनचालकांची संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची दरवर्षी मोजदाद करते, आणि अलीकडच्या वर्षांत त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक गाड्या साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीपायी थांबलेल्या असतात. तुमची जुनी गाडी तीनदा कशामुळे बंद पडली ते तुम्ही लिहिलेले नाही.

पायवाट

दोनदा बॅटरी आणि एकदा अल्टरनेटर. वाचून जरा ओशाळल्यासारखे झाले, पण ती गाडी आता इतर कारणांनीही थकली आहे.

तेलकटहात

मी अठरा वर्षे गॅरेजमध्ये काढली आणि गेली काही वर्षे लोकांसाठी जुन्या गाड्या तपासून देतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिला नियम असा की गाडी थंड असताना पाहायची. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागले तर कारण विचारा, कारण चेन सैल झाल्याचा खडखडाट, सुरू होताना निघणारा निळा धूर आणि डळमळणारे आयडलिंग हे सगळे पहिल्या अर्ध्या मिनिटातच उघडे पडते आणि इंजिन तापल्यावर लपून जाते. धुराचा रंगही बघा: निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे इंधन गरजेपेक्षा जास्त जाते आहे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे. थंडीत सुरुवातीला निघणारी वाफ निराळी, तिला घाबरू नका. तेल भरण्याचे झाकण उघडून आतल्या बाजूला काळा चिकट थर आहे का ते पाहा. असा थर सांगतो की तेल वेळेवर बदललेले नाही, मग वहीत शिक्के कितीही असोत.

मीटर मागे फिरवणे आजही सोपे आहे, डिजिटल मीटर असले तरीही, म्हणून मी मीटरवरचा आकडा सर्वांत शेवटी वाचतो. ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची घासलेली कड, चालकाच्या सीटची दाराकडची बाजू आणि गिअरची मूठ यांवर माणसाच्या वापराची जी खूण राहते ती पुसता येत नाही. टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चार वर्षांच्या आणि पंचवीस हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीला चारही टायर गेल्याच वर्षीचे असतील, तर आधीचे टायर एवढ्या कमी अंतरात कसे झिजले असा प्रश्न सरळ विचारावा. काचांवरही उत्पादनाच्या काळाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक निराळ्या वर्षाची असेल, तर त्या बाजूचा पत्रा निरखून पाहावा.

ठोकलेली गाडी ओळखण्यासाठी रंगाची जाडी मोजणारे यंत्र वापरतात. कारखान्यातला रंग साधारणपणे ८० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. २००-३०० दिसले तर रंग पुन्हा मारलेला आहे, आणि पाचशेच्या पुढे गेले तर आत पोचा बुजवणारी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बम्परवर एखादा ओरखडा झाकण्यासाठी मारलेला रंग मी मनावर घेत नाही. छत, दारांमधले खांब आणि बॉनेटखालचे लांबट आधार येथे मात्र दुरुस्ती दिसली तर मी पुढची तपासणी करतच नाही. बॉनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्टही बघा, कारण कारखान्यात रंगवलेल्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असण्याचे काही कारण नसते. पाण्यात बुडालेली गाडी ही याहून वाईट, कारण तिचे दुखणे वर्षभराने वायरिंगच्या जोडांतून बाहेर येते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, बेल्टच्या तळाशी चिखलाची रेघ सापडते. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि स्टेपनीच्या खळग्यातली बारीक माती हेही बोलके पुरावे आहेत.

डॅशबोर्डाखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचण्याच्या जोडणीला, स्कॅनर लावून घ्या. कोणताही दोष दिसला नाही म्हणून हुरळून जाऊ नका, कारण विकण्याआधी दोषांचे कोड पुसून टाकणे ही नित्याची युक्ती आहे. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हे बहुतेक गाड्यांत त्याच स्कॅनरवर वाचता येते. तो आकडा बारा किंवा वीस असा निघाला तर काय समजायचे ते वेगळे सांगायला नको. इंजिन सुरू न करता चावी 'ऑन'वर फिरवली की एअरबॅगचा आणि इंजिनाचा दिवा लागला पाहिजे, आणि एअरबॅगचा काही सेकंदांत, इंजिनाचा गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जो दिवा मुळात लागतच नाही तो लागून राहिलेल्या दिव्यापेक्षा जास्त धोक्याचा समजावा.

आता ऑटोमॅटिक. तुमच्या रहदारीत आणि दहा वर्षांच्या हिशेबात मी टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या वळणाच्या गिअरबॉक्सला पहिली पसंती देईन, कारण त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामधली जोडणी तेलातून होते, मुंगीच्या पावलांनी पुढे सरकताना घासून झिजणारा कोरडा क्लच नसतो, आणि निर्माण होणारी उष्णता तेलाबरोबर निघून जाते. कोरड्या क्लचचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, महामार्गावर सुरेख चालतो, पण दर दहा फुटांवर थांबणाऱ्या रहदारीत तो तापतो. सीव्हीटीमध्ये दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो. तो रहदारीत मऊ चालतो, मात्र त्याचे ठरावीक तेल ठरावीक वेळी बदललेले नसेल तर अशी गाडी मी घेणार नाही. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. दुरुस्तीला सोपा, चालवायला थोडा धक्केबाज. 'आयुष्यभराचे तेल' या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते.

डिझेलचा विचार करत असाल तर रोजचे वीस-वीस किलोमीटर रहदारीतले अंतर त्याला मानवणार नाही. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ स्वतःला साफ करण्यासाठी सलग वेगाने चालणे मागतो, ते मिळाले नाही की तो तुंबतो, आणि तो बदलण्याचा खर्च ऐकून मालक गाडी विकायला काढतो. बाजारात स्वस्तात आलेल्या कितीतरी नव्या वळणाच्या डिझेल गाड्यांची हीच कथा आहे.

पहिलीचावी

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु तो वाचून माझे मत उलट नव्या गाडीच्या बाजूने अधिक पक्के झाले. एवढी तपासणी करण्यासाठी अनुभवी माणूस हवा, वेळ हवा, विक्रेत्याचे सहकार्य हवे, आणि हे सगळे जमून आले तरी उरणारी जोखीम वॉरंटी संपलेल्या गाडीच्या मालकालाच वाहावी लागते. मी स्वतः एक वापरलेली सेडान नीट तपासून घेतली होती आणि तपासणीत खरोखरच काही चुकले नव्हते. अडचण निराळ्याच बाजूने आली: ते मॉडेल वर्षभरात बंद झाले, आणि पुढच्या एका साध्या दिव्यासाठी मला सात आठवडे थांबावे लागले. म्हणून 'मुळात महाग असलेली गाडी कमी किमतीत मिळते' या वाक्यातला सापळा दाखवावासा वाटतो. घेण्याची किंमत उतरते, पण तिचे टायर, तिचे ब्रेक, तिचे सेन्सर आणि तिचे सस्पेन्शन यांची किंमत उतरत नाही. दहा वर्षे तुम्ही महाग गाडीचाच खर्च करणार असता.

नव्या गाडीतही डोळे मिटून घेऊ नये. उत्पादनाचा महिना पाहावा, कारण वर्षभर उघड्या आवारात उभी राहिलेली गाडी 'नवी' म्हणून दिली जाते, आणि तिची बॅटरी व टायर तेवढ्या काळात म्हातारे झालेले असतात. ताबा दिवसाउजेडी घ्यावा. मधल्या प्रतीच्या गाडीत ईएससी नसेल तर तेवढ्यासाठी वरची प्रत घ्यावी. निसटणारी गाडी सावरणारी ही यंत्रणा अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली, यावरून तिचे महत्त्व कळावे.

तेलकटहात

सुट्या भागांचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. रस्त्यावर ज्या मॉडेलच्या गाड्या पुष्कळ दिसतात तेच मॉडेल घ्यावे, कारण त्याचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात आणि त्याचे दुखणे प्रत्येक मेकॅनिकला पाठ असते. मात्र 'नवी म्हणजे निर्धास्त' हे मला पटत नाही. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची, आणि प्रश्नकर्त्याला गाडी दहा वर्षे ठेवायची आहे. उरलेल्या वर्षांत दोन्ही गाड्यांना वॉरंटी नसणारच. चार वर्षांची गाडी निदान आपला स्वभाव दाखवून मोकळी झालेली असते. त्या मॉडेलचे गिअरबॉक्स जात असतील तर ते एव्हाना जगजाहीर झालेले असते, नव्या मॉडेलविषयी मात्र आपल्या हाती फक्त माहितीपत्रक असते.

निमसरकीवीज

हायब्रिडचा, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचा, कोणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. १९९७ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या प्रियसपासून टोयोटाने जी पद्धत वापरली तिला ई-सीव्हीटी म्हणतात, पण नाव फसवे आहे. त्यात पट्टा नाही, पुली नाही, क्लचही नाही, फक्त ग्रहमालेसारखी रचना असलेले दंतचक्रांचे एक कडे आणि दोन मोटरी आहेत. ब्रेकचे बरेचसे काम मोटर करत असल्यामुळे ब्रेक पॅडही पुष्कळ टिकतात. रहदारीत रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला हा ऑटोमॅटिकचा सर्वांत शांत प्रकार ठरू शकतो. वापरलेली हायब्रिड घेताना मोठ्या बॅटरीच्या पंख्याची जाळी साफ आहे का ते पाहा. ती पुष्कळदा मागच्या सीटजवळ असते आणि धुळीने किंवा पाळीव प्राण्यांच्या केसांनी तुंबते.

पूर्ण विजेच्या जुन्या गाडीत बॅटरीची उरलेली क्षमता हाच सगळा सौदा असतो. पुष्कळ कंपन्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, पण ती नव्या मालकाच्या नावे होते का हे लेखी विचारून घ्यावे. बॅटरी कशाने थंड होते तेही विचारा. २०१०च्या डिसेंबरात विक्रीला आलेल्या पहिल्या निसान लीफमध्ये बॅटरी थंड करणारी वेगळी यंत्रणा नव्हती, आणि उष्ण प्रदेशांत तिची क्षमता लवकर घटल्याचे दिसून आले.

पायवाट

सर्वांचे आभार. तीन आठवडे शोध घेतल्यावर दोन गाड्या उरल्या आहेत. दोन्ही एकाच मॉडेलच्या, पेट्रोलच्या, टॉर्क कन्व्हर्टरच्या, आणि रस्त्यावर पुष्कळ दिसणाऱ्या आहेत. पहिली तीन वर्षांची, २२ हजार किलोमीटर, एका विक्रेत्याकडे आहे, चमकदार आहे. सर्व्हिसची वही 'घर बदलताना हरवली' असे सांगतात. दुसरी पाच वर्षांची, ८८ हजार किलोमीटर, थेट मालकाकडून आहे. रंग ठिकठिकाणी ओरखडलेला, मागच्या दाराला एक पोचा, पण मालकाने पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवल्या आहेत, गिअरबॉक्सचे तेल ७० हजारांवर बदलल्याची पावतीही त्यात आहे. इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनशी ताल धरून हलवणारा टायमिंग बेल्ट मात्र अजून मूळचाच आहे. वडिलांना पहिली गाडी आवडली आहे, आणि खरे सांगायचे तर पहिल्या नजरेत मलाही तीच आवडली.

तेलकटहात

पहिलीचा स्कॅन करून घेतलात का?

पायवाट

विक्रेत्याने आधी नकार दिला, मग आमच्या मेकॅनिकला दहा मिनिटे दिली. दोष एकही नाही, परंतु कोड पुसल्यापासूनचे अंतर ९ किलोमीटर आले. चालकाच्या बाजूच्या दाराची काच इतर काचांपेक्षा दोन वर्षांनी नवी आहे आणि त्या बाजूच्या खांबावर रंगाची जाडी ४१० निघाली.

तेलकटहात

मग तिथून निघा आणि मागे वळून पाहू नका. दुसरीचा पोचा तसाच ठेवलेला आहे हीच मला त्या मालकाची सगळ्यांत चांगली गोष्ट वाटते. ज्याला फसवायचे असते तो आधी डेंटिंग-पेंटिंग करून घेतो.

त्या गाडीत पैशाचे काम एकच आहे आणि ते घेतल्याबरोबर करायचे आहे. टायमिंग बेल्टची मुदत इंजिनानुसार साधारणपणे ६० हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत असते, शिवाय वर्षांचीही मर्यादा असते. त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरतात. बहुतेक आधुनिक इंजिनांत चालता बेल्ट तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि सगळे इंजिन उघडावे लागते, त्यामुळे 'अजून थोडे चालेल' हा विचार मनातही आणू नका. बेल्टबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनर बदला, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण मजुरी एकच लागते. हा खर्च आधी लेखी काढून घ्या आणि किमतीची बोलणी करताना तो कागद मालकापुढे ठेवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलायचे असते. फाइलमध्ये त्याची पावती नसेल तर तेही त्याच दिवशी उरकून टाका.

जुनीपावती

एक भर घालतो. गाडीचा सतरा अक्षरांचा चेसिस क्रमांक कागदपत्रांवरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवून पाहा, काचेखालचाही आणि पत्र्यावर कोरलेलाही, आणि तोच क्रमांक देऊन कंपनीकडे काही रिकॉल (सदोष भाग बदलण्यासाठी गाड्या परत बोलावणे) प्रलंबित आहे का ते विचारा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगच्या प्रकरणात जगभर एअरबॅग फुगवणारे सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, कारण त्यातले रसायन उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षे खराब होत जाऊन एअरबॅग फुगताना धातूचे तुकडे उडत होते. असले काम कंपनी सहसा विनामूल्य करून देते, आणि तरीही मालक बदलल्यामुळे सूचना जुन्याच पत्त्यावर जाऊन कितीतरी गाड्या तशाच फिरत राहतात. कर्ज फिटल्याचे पत्र आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मागा.

पहिलीचावी

मी अजूनही नवीच घेतली असती. पण अशी फाइल माझ्यासमोर आली असती तर मीही अडखळलो असतो, एवढे कबूल करतो. मागच्या सीटवर तीन माणसांना घेऊन लांबचा एक फेरा मारून पाहा. आपण एकटे चालवतो तेव्हा मागच्या सस्पेन्शनचे आवाज ऐकूच येत नाहीत.

पायवाट

पाच माणसांनी बसून साठ किलोमीटर फिरून आलो. मागून डावीकडे खड्ड्यात एक ठक् आवाज येत होता, तो शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या रबराचा निघाला. मालकाने आवाज नाकारला नाही, 'दोन महिन्यांपासून येतो आहे' असे स्वतःच सांगितले, आणि बेल्टच्या खर्चाचा कागद पाहून किमतीत निम्मा भार उचलला. क्रमांक जुळले, प्रलंबित रिकॉल नाही.

काल गाडी घरी आली आणि तेथून सरळ गॅरेजला गेली. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, ब्रेक ऑइल आणि ते रबर बदलून झाले. बॅटरी साडेचार वर्षांची होती, तीही या वेळी वाट न पाहता बदलली. जुना बेल्ट मागून घेतला. वरून तो ठीकच दिसत होता, पण उलटा वाकवल्यावर पाठीवर बारीक भेगांची जाळी दिसली, आणि पंपाच्या एका कडेला वाळलेल्या कूलंटचा गुलाबी ओघळ होता. या सगळ्या पावत्या त्याच फाइलमध्ये, आधीच्या मालकाच्या शेवटच्या पावतीमागे लावल्या आहेत. पोचा मात्र वडिलांना खटकतो आहे, तो काढून घ्यावा का, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.